पाचव्या जागेची दुरुस्ती

सुहास,

तुला जाऊन चोवीस दिवस झाले. आपलं इथलं मराठी मंडळ तुझ्या आठवणीत एक छोटी पुस्तिका काढतंय आणि मला दोन कामं दिली आहेत. तुझ्याबद्दल चार पानं लिहायची आणि तुझी ती यादी स्वच्छ टाइप करून द्यायची. दोन्ही हेमंतच करणार, असं सगळ्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. बोटीत तुझ्यासमोर आठ सीझन मीच बसलो होतो ना.

यादी आधी घेतली, कारण ती सोपी वाटली. तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही तुझ्या नीलिमाने जशीच्या तशी आणून दिली. पानं पाण्याने फुगलेली, मधेच कुठेतरी चहाच्या कपाचा गोल. पहिल्या पानावर तुझ्या त्या डॉक्टरी अक्षरात मथळा: ‘लहान बोट, नवखा माणूस: सॅमनसाठी सुरक्षित जागा’. खाली जागा एक ते नऊ. प्रत्येक जागेला तेच सहा प्रश्न. बोट पाण्यात ढकलायला उतार कसा आहे. काठ सगळीकडून दिसतो का. अडचण आली तर दुसरीकडे कुठे उतरता येईल. फोनला रेंज आहे का. परवानगी कोणाची घ्यायची. आणि शेवटचा, वारा कुठून येतो.

चार जागा टाइप करून झाल्या. पाचवीपाशी तीन दिवस बसलोय. तू लिहिलं आहेस:

‘जागा पाच. तीन बाजूंनी टेकडी, त्यामुळे वारा लागत नाही. पाणी कायम सपाट. मासा काठाजवळच्या उथळ पट्ट्यातच असतो, आत जायची गरज नाही. नवख्यांसाठी सगळ्यात उत्तम. (माझी गाठ सुटली ती इथेच. दोष गाठीचा, जागेचा नाही.)’

कंसातलं वाक्य खोटं आहे. ते खोटं तुझं नाही, माझं आहे. आणि त्याच्यामुळे वरच्या ओळीही चुकीच्या झाल्या आहेत.

परवा ईशाचा फोन आला. तुझी मुलगी अगदी तुझ्यासारखी, नमस्कार-चमत्कार न करता थेट मुद्द्यावर, तेही इथे वाढलेल्या पोरांच्या मोडक्या मराठीत. “काका, शनिवारी आम्ही जातोय. बाबाच्या लिस्टमधला नंबर फाईव्ह. दोन बोटी, सात जण. कोणीच आधी फिशिंग केलं नाहीये, सो सगळ्यात सेफ जागा घेतला.”

मी म्हणालो, “अरे वा.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस मी, आणि तोंडातून निघालं काय, तर अरे वा.

आज बुधवार आहे.

*

आपण कुठे भेटलो, कधी भेटलो, हे बाकीचे लिहितीलच. मला आठवतं ते तुझ्या गाडीचा हॉर्न. माझं लग्न मोडलं त्या वर्षी मी लीड्समध्ये एका फ्लॅटवर राहायला गेलो होतो. ऑफिसातून यायचं, वरणभात टाकायचा, झोपायचं. लोक फोन करून “कसा आहेस?” विचारायचे आणि मी “ठीक” म्हणायचो. तू कधी विचारलं नाहीस. एका शनिवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर तुझी निळी गाडी आणि मागे ट्रेलरवर चौदा फुटी बोट.

“खाली ये बे. वल्हवायला माणूस पाहिजे.”

“मी शाकाहारी आहे, सुहास.”

“तुला मासा चावायला कोण सांगून राहिलं? तू वल्हव.”

नागपूरचा माणूस तू. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हतास. तुला मासेमारी शिकवली ती तुमच्याच हॉस्पिटलातल्या केन नावाच्या म्हाताऱ्या पोर्टरने. तो यॉर्कशरचा, बोलायला माझ्यासारखाच कंजूष. त्याने तुला नदी शिकवली, गाठी शिकवल्या. बोट मात्र तुझी स्वतःची हौस. मंडळातल्या बायका सॅमनला सरसकट रावस म्हणायच्या आणि तू ऑपरेशन थिएटरातून बाहेर आल्यासारखा गंभीर चेहरा करून त्यांना फरक समजावायचास. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बरं, मग तुमचा तो रावस मिळाला का?”

मिळाला नव्हता. आठ सीझन. ट्राउट कितीतरी, सॅमन एकही नाही. आणि मिळाला असता तरी तो परत पाण्यात सोडायचाच होता, कारण आता बहुतेक ठिकाणी तसाच नियम आहे. त्यावरून मी तुला किती छळलं. पाच तास गाडी चालवायची, हातापायाची बोटं बधिर करून घ्यायची, आणि धरलाच तर सोडून द्यायचा. “मग न धरलेला काय वाईट?” तू दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्यायचास. “सोडणं वेगळं आणि जाणं वेगळं, हेमंत.” हा वाद आपण संपवला नाही. मला तो आता नुसता वाद वाटत नाही.

*

बोटीत तुझा एक नियम होता. तो तू थिएटरातून आणला होतास. ऑपरेशन सुरू करण्याआधी खोलीतला प्रत्येक माणूस आपलं नाव मोठ्याने सांगतो, असं तू मला सांगितलं होतंस. सगळ्यात ज्युनिअर नर्ससुद्धा. कारण एकदा स्वतःचा आवाज खोलीत ऐकला की वेळ आल्यावर माणूस बोलू शकतो. मोठ्या सर्जनलाही थांबवू शकतो.

म्हणून आपणही, दोघेच असलो तरी, बोट ढकलण्याआधी काठावर उभं राहून नाव सांगायचो. “सुहास.” “हेमंत.” शेजारून कुत्रा फिरवणारे लोक बघायचे. मग तू नियम म्हणायचास: कोणीही ‘थांब’ म्हणालं की थांबायचं. मासा लागलेला असला तरी. बोटीत कारण विचारायचं नाही. कारण काठावर आल्यावर सांगायचं.

नियम चांगला होता. तू तो पाळायचासही. मोडला तो वेगळ्याच जागी.

मंडळाची उन्हाळी पिकनिक आठवते? त्या जलाशयावर तू हौशी लोकांना चार-चार करून फिरवत होतास. मी बोटीच्या पुढच्या टोकाला. मला पुढे पाण्यात काहीतरी काळं दिसलं आणि मी ओरडलो, “थांब!” तू त्या क्षणी इंजिन बंद केलंस. नियमाप्रमाणे काठावर आलो. तिथे सगळ्यांसमोर तू विचारलंस, “हं, सांग.” मी म्हणालो, “मला वाटलं खडक आहे.” तेवढ्यात तो खडक तरंगत काठाशी आला. कचऱ्याची काळी पिशवी.

सगळे हसले. तू सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून मी ‘हेमंत थांब’ झालो. गणपतीच्या जेवणात मी श्रीखंड वाढायला आलो की तू पानावर हात न धरता म्हणायचास, “वाढ, वाढ. थांब म्हणायचं काम तुझं आहे.” मीही हसायचो. तू वाईट बोलत नव्हतास, हे मला ठाऊक होतं. तू ज्याच्यावर जीव टाकायचास त्यालाच टोचायचास. पण सुहास, त्या पिशवीनंतर तो शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नाही. तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी आधीच कमी बोलणारा, त्यात एक शब्द कमी झाला तर कोणाला कळतंय?

*

आता तो दिवस.

तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, सीझन संपत आलेला. लॉखचं, म्हणजे स्कॉटलंडातल्या त्या सरोवराचं, नाव मी पुस्तिकेत लिहीत नाही, वहीत आहे तेवढं पुरे. हॉटेलातून परवाना घेतला. काठावर नावं सांगितली. खरंच वारा नव्हता. मागे टेकडी, झाडाचं पान हलत नव्हतं, पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट. तू म्हणालास, “पहा बे. अशी जागा नवख्या माणसाला द्यावी. इथे काय होणार?”

काठापासून चाळीस-पन्नास पावलांवर मी हळूहळू वल्हवत होतो आणि तुझी गळाची दोरी मागून येत होती. तासाभराने रॉड वाकला. तू उभा राहिलास. बोटीत उभं राहायचं नाही हा तुझाच दुसरा नियम, पण तुला त्या वेळी सांगणार कोण? मासा पाण्याबाहेर पूर्ण आला, एकदाच. चांदीचा. मी शाकाहारी माणूस, पण मलाही श्वास घ्यायचं सुचलं नाही.

“हेमंत,” तू म्हणालास. एवढंच. आवाज लहान मुलासारखा.

पुढची वीस मिनिटं तू होतास आणि तो मासा होता. मी काठाकडे पाठ करून बसलेलो. बोटीचं तोंड काठाकडे ठेवायला तू सांगितलं होतंस, म्हणून मी वल्हवत होतो. जरा वेळाने लक्षात आलं की मी जोर लावतोय आणि काठ जवळ येत नाहीये. मान वळवून पाहिलं. तुझी निळी गाडी काडेपेटीएवढी झाली होती. वारा होता, सुहास. टेकडीमागून येत होता. काठाशी तो डोक्यावरून जायचा म्हणून कळत नव्हता, पण जरा आत आलं की तो पाण्यावर उतरायचा आणि बोटीला काठापासून लांब ढकलायचा. जितकं आत जाऊ तितका जोर जास्त. तुझ्या पाठीमागे, जिथे लॉख रुंद होतं, तिथे लाटांवर पांढरे तुरे दिसत होते आणि आपण तिकडेच चाललो होतो. तुला ते दिसत नव्हतं. मासा बोटीखालून माझ्या बाजूला आला होता, म्हणून तू माझ्याकडे तोंड करून दोरीकडे बघत होतास.

तू जॅकेट काढून ठेवलं होतंस, तरंगायचं जॅकेट. हात मोकळे हवेत म्हणून. आणि थंड पाण्यात माणसाला पोहता येतं की नाही हा प्रश्नच येत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. पहिल्या मिनिटात श्वासच हातात राहत नाही.

मी म्हणालो, “सुहास, आपण जरा लांब आल्यासारखं वाटतंय.”

“पाच मिनिटं.”

“नाही म्हणजे, इंजिन लावून घ्यायचं का, असं म्हणत होतो.”

“गप वल्हव बे. तुम्ही पुणेकर ‘नाही’ म्हणायलासुद्धा अर्ज करता.”

एक शब्द होता. एक. तो म्हटला असता तर तू थांबला असतास. चिडला असतास, पण थांबला असतास, याची मला आजही खात्री आहे. तो माझ्या घशात आला आणि मला ती काळी पिशवी दिसली. काठावर आल्यावर तू विचारशील, “हं, सांग.” आठ वर्षांनी लागलेला मासा, आणि कारण काय, तर हेमंतला भीती वाटली.

पहिली लाट बोटीच्या कडेवरून आत आली. तू उजव्या हातात रॉड उंच धरून, वाकून, बोटीच्या तळाकडे बघत, डाव्या हाताने मागे जाळं चाचपत होतास. तुझी दोरी माझ्या कानाजवळून जात होती. जाड दोरी आणि पुढचा बारीक धागा जोडणारी तुझी गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती, वीतभर अंतरावर. माझ्या गळ्यात धागा कापायचं नेलकटर लटकत होतं, तूच दिलेलं.

मी दोरी मुठीत धरून गाठीला लागून धागा कापला. मग, कापल्याची खूण राहू नये म्हणून, गाठीच्या अलीकडे जाड दोरीही कापली. गाठ पाण्यात पडली.

तू मागे बाकावर बसलास. पडलासच. मग मान वर केलीस, काठाकडे पाहिलंस आणि म्हणालास, “अबे, एवढे लांब कसे आलो आपण?”

मी म्हणालो, “मासा ओढत होता ना.”

आणि तुला ते आवडलं. एवढ्या दुःखातही तुझा चेहरा उजळला. “इतका दमदार होता?” इंजिन सुरू करायला तू मागे वळलास आणि रॉड माझ्या हातात दिलास.

इथपर्यंतचं मी भीतीवर ढकलू शकतो. यापुढचं नाही. तू मला एकदा दाखवलं होतंस की धागा तुटला तर टोक कसं दिसतं आणि गाठ सुटली तर कसं. सुटलेल्या गाठीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असतं. मी दोरीचं टोक नेलकटरच्या पाठीवरून, अंगठा दाबून, ओढून घेतलं. वाढदिवसाच्या भेटीची रिबन कुरळी करतात ना, तसं. दोनदा केलं. छान वळलं.

काठावर तू ते टोक बोटांत धरून पाहिलंस. चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन.

“गाठ सुटली,” तू म्हणालास. “माझी गाठ सुटली, हेमंत.”

मी म्हणालो, “होतं असं.”

परतीच्या पाच तासांत तू एकदाच बोललास. “हूक त्याच्या तोंडात राहिला. आपण सोडला नाही त्याला. तसाच गेला तो.”

*

तू सर्जन होतास, हे मी त्या वेळी कसं विसरलो? विसरलो नव्हतो. मला वाटलं, माशाची गाठ वेगळी आणि ऑपरेशनची वेगळी. तुला तसं वाटलं नाही. नीलिमा सांगायची, घरात सोफ्याच्या पायाला, दरवाज्याच्या मुठीला, सगळीकडे दोऱ्याच्या गाठी. बातम्या बघता बघता एका हाताने बांधायचास, ओढून बघायचास. एकही सुटायची नाही. तरी पुन्हा बांधायचास.

पुढच्या मार्चमध्ये तुझा फोन आला. मी ट्रेनमध्ये होतो. “ऑपरेशन बंद करून राहिलो. शिकवणार आणि क्लिनिक बघणार, बस.” मी विचारलं, “का रे?” तू म्हणालास, “हात सांगायला लागले की ऐकावं. त्या दिवशी माशावर निभावलं. उद्या टेबलावर कोणी असेल.”

तिथे मी दुसरा शब्द गिळला, सुहास. पूर्ण रिकामा डबा, खिडकीबाहेर मेंढ्या, कोणी ऐकणारं नाही. मी म्हणालो, “वयाचं आहे रे. सगळ्यांनाच होतं.”

साठ वर्षांचा होतास. तुझे हात अगदी बरोबर होते. त्यानंतर किती माणसं दुसऱ्या कोणाच्या हाताखाली गेली, त्यांचं काय झालं, हा हिशोब मी कधी करू धजलो नाही, आणि तो होणारही नाही.

मोकळा वेळ मिळाला म्हणून तू यादी करायला घेतलीस. दर आठवड्याला नवी माणसं आणायचास. स्लाऊहून बदली होऊन आलेला तो बँकेतला जोशी, पिनरहून सुट्टीला आलेल्या नीलिमाच्या मावसबहिणी. सगळ्यांना काठावर उभं करून नावं सांगायला लावायचास. मी येईनासा झालो. पाठ दुखते म्हणायचो. तू हॉर्न वाजवायचास, मी खिडकीतून हात हलवायचो. जागा पाचला तू पुन्हा गेला नाहीस, “तिथे मन लागत नाही” म्हणालास. देवाची कृपा म्हणू की काय म्हणू? पण यादीत ती राहिली. ‘सगळ्यात उत्तम.’

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो होतो. नीलिमाने चहा केला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “हेमंत, एक सांगू? त्या माशाचं भलं होवो. अडीच वर्षं मिळाली मला. संध्याकाळी सहाला घरी असायचा. भांडायला तरी मिळाला.” आणि हसली, रडता रडता. मी कप खाली ठेवला. तिने म्हटलं, “घे ना, साखर कमी आहे का?”

तिच्या त्या अडीच वर्षांच्या आड मला लपता आलं असतं. गेले वीस दिवस तिथेच लपलो होतो. असाही विचार केला की तुझं हृदय आधीपासूनच कमजोर होतं म्हणे, दगदग चालू राहिली असती तर आधीच… नाही. दमलो मी असल्या बेरजा-वजाबाक्या करून. तुला कोणीतरी विचारायला हवं होतं की तुला काय हवंय. त्यासाठी खरं माहीत असावं लागतं. ते तुला मी दिलं नाही.

मी तुझ्यावर रागावलोय, हेही लिहितो. तू हसायला नको होतंस. नियम तूच केलास, आणि पहिल्यांदा कोणी तो पाळला तेव्हा तूच त्याची टिंगल केलीस. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, श्रीखंडाच्या वेळी, सगळ्यांसमोर. तू गप्प झाला असतास, मग म्हणाला असतास, “बरोबर आहे बे. चुकलो.” तू असं म्हणायचास. मी तुला इतरांसमोर चूक कबूल करताना कितीदा पाहिलं आहे. मला ते जमलं नाही, आणि तुलाही मी तशी संधी दिली नाही.

*

आज दुपारी यादीची फाइल उघडली. पहिल्यांदा वाटलं, जागा पाच काढूनच टाकावी. नऊच्या आठ. कोणाला कळलंही नसतं. ईशाला म्हणायचं, तिथे परवाना मिळत नाही आता, जागा दोनला जा. वाक्य तयार होतं, अगदी सभ्य, अगदी माझ्यासारखं.

फोन लावला. तिकडे पट्टे आवळल्याचा खडखडाट येत होता. ती तुझ्या गॅरेजमध्ये होती, बोट ट्रेलरला बांधत होती.

“हाय काका! बोला ना. स्पीकरवर आहे, हात बिझी आहे.”

परवान्याचं वाक्य जिभेवर होतं.

“ईशा,” मी म्हणालो. “थांब.”

खडखडाट बंद झाला. तिने स्पीकर बंद केला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला.

“ओके. थांबलो, काका.”

का, असं तिने विचारलं नाही. अजिबात नाही. मला वाटलं होतं ती विचारेल, आणि तेवढ्या वेळात मी काहीतरी गोलमाल बोलेन. पण तुझी मुलगी नुसती श्वास घेत थांबली. तू शिकवलेलं तिने पाळलं, सुहास, आणि ती हसली नाही.

मग म्हणाली, “काठावर आल्यावर सांगा.”

उद्या संध्याकाळी जातोय. तिला आणि नीलिमाला समोर बसवून सांगणार आहे, हे इथे लिहिलंय तेच, नेलकटरच्या पाठीसकट. मग नीलिमा चहा देईल की नाही, मला ठाऊक नाही. न देण्याचा तिला हक्क आहे. पुस्तिका छापायला त्यानंतरच जाईल. तिने हे चार पानांचं नको म्हटलं तर हे जाणार नाही. यादी मात्र जाईल, आणि अशी जाईल:

‘जागा पाच. तीन बाजूंनी टेकडी. काठाशी पाणी सपाट दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नये. वारा टेकडीमागून असेल तर शंभर पावलांपुढे तो पाण्यावर उतरतो आणि लहान बोटीला लॉखच्या रुंद भागाकडे ढकलत नेतो. वल्ह्यांनी परत येता येत नाही. अशा दिवशी बोट काढू नये. इंजिन नसेल तर कधीच काढू नये. जॅकेट अंगातून काढू नये, मासा लागला तरी. बोटीत भीती वाटेल त्याने मोठ्याने थांब म्हणावं आणि बाकीच्यांनी काठावर आल्यावर त्याला हसू नये.

‘मूळ यादीतली चूक सुहासची नाही. बोट वाऱ्याने वाहत होती हे त्याला सांगितलं गेलं नाही. दोरी मी कापली. सुहासची गाठ सुटली नव्हती. कापण्याआधी ती मी अगदी जवळून पाहिली. घट्ट होती.

— हेमंत’